एका शब्दाचे मास्तर

आमचे घरमालक, म्हणजे सर, पोटभर जेवले की पाटावरून उठताना ढेकर देण्याऐवजी इंग्रजी बोलायचे. डोळे अर्धे मिटून, पोटावरून हात फिरवत, अगदी समाधानानं म्हणायचे, "आय ॲम सॅड."

काकू, म्हणजे त्यांची बायको, ताट उचलता उचलता म्हणायच्या, "व्हा. सकाळी पुन्हा व्हाचंच हाय तुमाले."

घरच्यांना सवय होती, परक्यांना नव्हती. बडनेऱ्याला एका लग्नात सर पंगतीतून उठले आणि नेहमीचं बोलले. शेजारी मुलीचा मामा वाढत होता. तो नेमका इंग्रजी समजणारा निघाला. बुंदीचं ताट तिथंच ठेवून तो आचाऱ्याकडे धावला, आचारी व्याह्यांकडे, आणि पाच मिनिटांत मुलीचा बाप हात जोडून समोर. "काय कमी पडलं, सर? मीठ कमी होतं का?" सरांनी त्या घामाघूम माणसाला मांडवातल्या खुर्चीवर बसवलं आणि शिकवायला सुरुवात केली. नवरदेव ताटकळला, पण त्या दिवशी बडनेऱ्यातल्या एका वधूपित्याला 'सॅड' या शब्दाचा इतिहास समजला.

तो इतिहास असा. इंग्रजांच्या फार जुन्या बोलीत 'सॅड' म्हणजे तृप्त, पोट भरलेला. पोट भरलं की माणूस जड होतो, म्हणून पुढं अर्थ झाला जड. जड झालेलं हलत नाही, म्हणून झाला स्थिर, भरवशाचा. स्थिर माणूस थिल्लरपणा करत नाही, म्हणून गंभीर. आणि गंभीर चेहरा दिसला की लोकांना वाटायला लागलं, याच्या घरी काहीतरी झालं असावं. "असं करत करत," सर म्हणायचे, "जेवून उठलेल्या माणसाला लोकांनी रडायला बसवलं. इतकी शतकं गेली, कोणी त्याची माफी मागितली नाही."

सर कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. सबंध नोकरीत त्यांनी कोणत्याही वर्गाचा पोर्शन पूर्ण केला नाही. सत्काराच्या दिवशी ते भाषणाला उभे राहिले, निम्म्यावर आले आणि म्हणाले, "उरलेलं घरी वाचा." टाळ्या मात्र जोरात पडल्या म्हणे.

आता मी त्यांच्या तावडीत कशी सापडले ते सांगते.

त्या वयात मी अतिशय हुशार होते. हे माझं मत होतं आणि ते माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. दर्यापूरला घराच्या मागंच आमचा मळा. बाबा वांगी, गवार, कोथिंबीर लावायचे आणि बाजारात स्वतः बसून विकायचे. मला अमरावतीला बी.ए.ला घातलं ते मायनं हट्ट धरला म्हणून. सरांच्या घराच्या गच्चीवर एक खोली होती, ती भाड्यानं घेतली. मी आरशासमोर उभी राहून "एक्सक्यूज मी" म्हणायचा सराव करायचे. इंग्रजी येणं म्हणजे लोकांना बाजूला सारता येणं, अशी माझी समजूत होती.

परीक्षेसाठी मी एकच निबंध पाठ केला होता, सर्कशीवरचा. पेपरात आलं फाटक्या छत्रीचं आत्मवृत्त. मी डगमगले नाही. सगळी सर्कस उतरवून काढली आणि शेवटी वाघाच्या तोंडात छत्री दिली. तपासणाऱ्याला विनोद कळत नसावा. बाकी सगळ्या विषयांत पास, इंग्रजीत नापास.

बाबा आले. जिन्याखाली उभे राहूनच बोलले, "आक्टोबरात पुन्हा बस. पास झाली तं शिक. नाही झाली तं धामणगावचं घर पायलं हाय मी. कापसाच्या दलालीतले लोक हायत. पोरगं चांगलं हाय."

त्या पोरानं मला पाहिलं नव्हतं, मी त्याला पाहिलं नव्हतं, पण मी लगेच त्याला मोठ्या मिशा आणि दुष्ट आई देऊन टाकली. पुढं पंचवीसेक वर्षांनी एका लग्नात तो दिसला. गोरागोमटा, हसरा, बायकोची पर्स हातात धरून उभा. त्याची सुटका झाली म्हणायची. पण तेव्हा मी गच्चीवर जाऊन रडले, आणि रडणं खाली ऐकू जाईल इतपत मोठ्यानं रडले. काकू वर आल्या.

"कावून रडते वं?"

मी सांगितलं.

"मंग याहिले सांग ना. दिवसभर नुसते झोपाळ्यावर बसून राह्यते. शिकवतीन तुले."

सर आनंदानं तयार झाले. ऑक्टोबरपर्यंत चार महिने होते. मी मनातल्या मनात वाटणी केली: एक महिना व्याकरण, एक महिना धडे, एक कविता, एक उजळणी. दुसऱ्या दिवशी सकाळी वही, दोन पेनं आणि तेल लावून घट्ट घातलेली वेणी, अशी मी ओसरीवर हजर झाले.

सरांनी माझ्या हातात लोखंडाचा एक ठोकळा दिला. इस्त्रीच होती, पण निखारे भरायची पोकळ नव्हे. अख्खी भरीव, चुलीवर तापवायची, जुन्या काळातली.

"काय वाटतं?"

"इस्त्री आहे, सर."

"काय आहे ते नाही विचारलं. काय वाटतं?"

"जड वाटतं."

"या इस्त्रीच्या नावातसुद्धा तो शब्द आहे. सॅड आयर्न. धर." एवढं म्हणून सर आंघोळीला गेले.

मी धरून उभी. हात खांद्यातून निखळायला आला. काकू बाहेर आल्या आणि थबकल्या. "माय वं, थे पोट्टीच्या हाती कावून देल्लं? दार अडवाले ठेवलं होतं मी, सारं हवेनं धडधडून राह्यलं."

अर्थ सांगायचा नाही, तो अंगात उतरवायचा, अशी सरांची रीत. शब्दकोश ते फक्त माशी मारायला उचलायचे. पुढच्या आठवड्यात मला बेकरीत नेलं. तिथं त्यांनी भट्टीतून बिघडून निघालेला पाव मागितला. "फुगला नाही, खाली बसला, असा दे." बेकरीवाल्याला वाटलं, हे खोड काढायला आलेत. "हमारा पाव कभी नहीं बैठता, मास्टरजी," असं म्हणून त्यानं आम्हाला दुकानाच्या पायरीवरून उतरवलं. सर दोन दिवस तिथं जात राहिले. तिसऱ्या दिवशी त्यानं कंटाळून एक दगडासारखा पाव हातावर ठेवला. सरांनी तो मला दाबायला लावला, चावायला लावला. इंग्लंडातल्या काही गावांत अशा पावाला अजून 'सॅड' म्हणतात, हे मी दाढ चोळत ऐकलं.

राजकमल चौकात उन्हात उभं करून वाहतुकीच्या पोलिसाकडे बघायला लावलं. चारी बाजूंनी सायकली, रिक्षा, एक म्हैस, आणि मध्ये तो ढिम्म. "हा बघ. जुन्या अर्थानं. पाय रोवलेला." पोलिसानं बराच वेळ सहन केलं, मग शिट्टी वाजवून आम्हालाच हाकललं.

रंगाऱ्याकडचा धडा घरी महागात पडला. गडद, दबलेल्या रंगालाही हाच शब्द लावत. तो रंग कपड्यात कसा बसतो ते दाखवायला सर एक साडी घेऊन गेले. फिकी बदामी साडी चिखलाच्या रंगाची होऊन परत आली. काकूंच्या भावानं भाऊबीजेला दिलेली होती ती.

काकू भांडल्या नाहीत. त्यांनी फक्त त्या दिवशी स्वयंपाकाला उशीर केला. आता इथं सांगायला हवं की सरांना भूक अजिबात सोसायची नाही. घड्याळात दहा वाजले की ते झोपाळ्यावरून उठायचे, सव्वादहाला पाण्याचा तांब्या स्वतः भरायचे, साडेदहाला ताट समोर नसेल तर त्यांचे हात थरथरायचे. त्या दिवशी बारा वाजले. सर स्वयंपाकघराच्या दारातून येरझारा घालत होते. काकू निवांत गवार निवडत होत्या.

"अगं, निदान कोरडी पोळी."

"थांबा जरा. रंग बसू द्या."

सर ओसरीवर येऊन माझ्या शेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "पोरी, उपाशी माणसाला कोणतीच भाषा येत नाही."

सप्टेंबर उजाडला तेव्हा मी घाबरून एकदा तोंड उघडलं. "सर, पोर्शन?"

"पोर्शन म्हणजे काय? एसटीनं अकोल्याला जाताना खिडकीतून मूर्तिजापूर दिसलं, बोरगाव दिसलं. उतरलीस का कुठं?"

"पण मला अकोल्यालाच पोचायचंय, सर."

"सगळ्यांनाच पोचायचंय," ते खिन्नपणे म्हणाले. तेवढ्यापुरता त्यांनी शब्दाचा नवा अर्थ वापरला असावा.

मी गुपचूप बसस्टँडजवळच्या दुकानातून गाईड आणलं. ते दुकान दिसलं की सर रस्ता ओलांडून पलीकडून जायचे, म्हणून मी ते गादीखाली ठेवलं. गाईड विकत घेतलं की अर्धा अभ्यास झाल्यासारखा वाटतो. उरलेला अर्धा मी त्याच गादीवर झोपून करत होते.

खरी गोष्ट अशी की मला त्या एका शब्दाची चटक लागली होती. मळ्यात बाबा रोप लावून बुडाशी माती दाबतात, त्या दाबण्यालाही इंग्रज हेच म्हणत असत हे सरांनी सांगितलं, तेव्हा मी रात्री अंथरुणात हाताच्या मुठीनं उशी दाबून पाहिली. हे मी कोणाला सांगितलं नाही. हुशार मुलगी उशी दाबत बसत नाही.

परीक्षा आली. पहिलाच प्रश्न एका म्हाताऱ्या नावाड्याच्या उताऱ्यावर होता, त्याखाली पाच बारके प्रश्न. पूर्वी मी असले उतारे खालून वर वाचायचे, उत्तराची ओळ शोधून तशीच उचलायचे. यावेळी वाचायला बसले तर एकेक शब्द हात धरून थांबवायला लागला. नावाडी वल्हं ठेवतो, ते कसं ठेवतो? दोर बांधतो, तो घट्ट की सैल? मी लिहीत गेले. खोडलं, पुन्हा लिहिलं. खाली उतरल्यासारखं वाटत होतं, त्या घाटावर. शेवटची घंटा झाली तेव्हा माझा पहिला प्रश्न संपला होता.

पेपर गोळा करणाऱ्या बाईंनी कोरी पानं उलटून पाहिली. "बाकीचे?"

"एक झाला," मी म्हणाले. चेहऱ्यावर काय तेज असेल माझ्या.

निकाल लागला. अर्थातच नापास. सरांना सांगायला गेले तर त्यांनी आधी विचारलं, काय लिहिलंस. मी नावाडी, वल्हं, दोर, सगळं सांगितलं. सरांचा चेहरा उजळत गेला. त्यांनी झोपाळा पायानं थांबवला.

"बाकीचे प्रश्न?"

"वेळच नाही उरला."

"वा," सर म्हणाले.

काकू दारात उभ्या होत्या. "वा? खुश होऊन राह्यले? पोट्टी चालली धामणगावले."

झोपाळा थांबला तो थांबलाच. त्या रात्री सरांनी एक पोळी खाल्ली आणि नेहमीचं इंग्रजी न म्हणताच उठले.

दर्यापूरच्या जीपवाल्याच्या हाती बाबांचा निरोप आला. सोमवारी न्यायला येतो, सामान बांधून ठेव, बुधवारी धामणगावचे लोक येणार आहेत. मी ट्रंक भरली. गाईडसुद्धा भरलं, कोरं करकरीत होतं, पाहुण्यांवर छाप पडेल म्हणून.

रविवारी सकाळी सर घरात नव्हते. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "दर्यापूरले गेले. काई न खाता गेले."

पुढचं मला मायनं सांगितलं, आणि एकदा नव्हे. म्हातारपणी तिला दुसरं काही आठवायचं नाही तरी हे आठवायचं, नकलेसकट.

जीपमध्ये चौदा माणसांत दाबून बसलेले सर दर्यापूरला उतरले आणि विचारत विचारत मळ्यात पोचले. रविवार, म्हणून घरी वरण-रोडग्यांचा बेत. कणकेचे जाड रोडगे गोवऱ्यांच्या विस्तवात खरपूस होत होते, वांग्यांची भाजी चुलीवर रटरटत होती, सगळ्या मळ्यावर वास. बाबांनी खाट टाकली. मायनं पाण्याचा तांब्या समोर ठेवला.

सरांनी तांब्याला हात लावला नाही.

आमच्याकडे पाहुणा पाणी घेत नसेल तर तो काहीतरी मागायला आला आहे, आणि होकार मिळाल्याशिवाय तो घोट घेणार नाही, हे सांगावं लागत नाही. बाबा खुरपं खाली ठेवून बसले.

"बोला मास्तर. काय पायजे?"

"पोरगी. मार्चपर्यंत."

"थे नापास झाली."

"हो. चूक माझी."

"तुमी चार महिन्यांत तिले एकच शब्द शिकवला म्हनते."

"एकच."

"मंग?"

"मार्चपर्यंत," सर म्हणाले.

बाबा भाजीबाजारात आयुष्य काढलेले. त्यांना वाटलं, गिऱ्हाईक घासाघीस करील. "संक्रांतीलोक ठेवतो. त्याच्यापुढं नाही."

"मार्च."

"शिमग्याच्या आधी तं न्याच लागन तिले."

"मार्च."

यापुढं सर काही बोललेच नाहीत. भाषेचे प्राध्यापक, पण मायच्या म्हणण्याप्रमाणं नुसते खाटेवर बसून चुलीकडं बघत होते. दहा वाजून गेले, बारा वाजले. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी ते मांडीखाली घेतले. माय म्हणाली, "असा भुकेला मानूस मी कदी पायला नाही. रोडगा उलटला की याचे डोये रोडग्यासंगं उलटत."

आणि पाहुणा उपाशी असताना घरच्यांनी जेवायचं कसं? बाबा पहाटेपासून मळ्यात राबलेले. एकदा त्यांनी चुलीकडं जाऊन सहज भाजी बघितल्यासारखं केलं. मायनं झाकण ठेवलं. शेजारची म्हातारी विस्तव मागायला आली ती सगळं पाहून बसूनच राहिली. दुपार कलली. रोडगे राखेत गार होत होते.

"घ्या ना बाप्पा थोडंसं पानी," बाबा म्हणाले. आवाज बराच खाली आला होता.

सरांनी मानेनंच नको म्हटलं.

शेवटी माय उठली. तिनं राखेतून रोडगे काढून फडक्यानं झटकले, परातीत रचले, वर झाकण ठेवलं आणि त्या झाकणावर स्वतःचा हात. "हे पाहा," ती बाबांना म्हणाली, "हा मानूस तं काई उठत नाही. तुमी हो म्हना, नाही तं तुमाले बी वाढत नाही मी. आज बी नाही अन् उद्या बी नाही."

बाबांनी धामणगावच्या दिशेला पाहिलं, मग परातीकडं पाहिलं.

"मार्च," ते म्हणाले. "अन् तवा बी नापास झाली तं?"

"तर मीच धामणगावला जातो आणि त्यांना सांगतो की मुलगी हुशार आहे, मास्तर खराब होता."

बाबा हसले, म्हणे. मग सरांनी तांब्या उचलला तो रिकामा करूनच खाली ठेवला. रोडगे किती खाल्ले ते मायनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. नजर लागते म्हणाली. सरांना जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.

बाबांनी बुधवारच्या पाहुण्यांना काय सांगितलं कोणास ठाऊक. ते आले नाहीत एवढं खरं. मार्चमध्ये मी पास झाले, काठावर, पण पास. पुढं अकोल्याच्या एका शाळेत पोरींना इंग्रजी शिकवता शिकवता म्हातारी झाले. आता माझी नात पुण्याहून मेसेज करते, कोणाचा तरी नवा फोन तिला 'सो सॅड' वाटतो, म्हणजे कीव यावी असा. हा अर्थ सरांच्या हयातीत इकडं पोचला नव्हता. त्यांनी त्यासाठी मला कुठं उभं केलं असतं याचा मी कधी कधी विचार करते.

पण मला सांगायचं होतं ते त्या सोमवारचं.

मी ट्रंक घेऊन जिना उतरत होते, कारण मार्चचं मला अजून कोणी सांगितलंच नव्हतं. सर रात्री आले ते न बोलता झोपले होते, आणि काकूंना वाटलं त्यांनी सांगितलं असेल. सर ओसरीवर बसले होते. मांडीवर वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं जाड पुस्तक. कव्हर एका कोपऱ्यात फाटलं होतं आणि आतून पिवळा रंग दिसत होता. अमरावतीतला कोणताही विद्यार्थी तो पिवळा रंग लांबून ओळखायचा. सर सकाळी स्वतः त्या दुकानात जाऊन गाईड घेऊन आले होते.

"ट्रंक ठेव वर. मार्चपर्यंत वेळ आहे. बस."

मी बसले. खरं तर मला हुंदका आला होता, पण मी तेव्हा हुशार होते ना, म्हणून म्हटलं, "सर, गाईड कशाला? माझ्याकडं आहे ते. आणि मी विचार करत होते, आता आपण दुसरा शब्द घेऊ. कोणता घ्यायचा?"

मला वाटलं, सर खुश होतील. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्याकडं स्वतःहून शब्द मागत होतं.

सरांनी गाईड उघडलं. त्या पानाकडं बघताना त्यांचं तोंड कडू काढा घेतल्यासारखं झालं.

"शब्दबिब्द काही नाही. धडा पहिला, प्रश्न पहिला, उत्तर पाठ कर."

"पण सर..."

"मी तुझ्या घरचं जेवून आलोय," सर म्हणाले. "वाच."